सुईला दिसलेली सावली

या सदराखाली माझं नाव पाहून संपादकांना हसू आलं असेल. काही वर्षांपूर्वी मीच त्यांना लांबलचक पत्र पाठवलं होतं — हे सदर बंद करा म्हणून. तापाने फणफणलेल्या पोराला जिथे अजून दवाखान्याआधी भगताकडे नेतात, तिथे भुताखेतांच्या हकिगती छापणं हा गुन्हा आहे, असं त्यात होतं. 'गुन्हा' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. पत्र छापलं गेलं नाही. उलट एक कार्ड आलं — तुम्हाला असा अनुभव आला की जरूर लिहा, जागा राखून ठेवू. मी ते कार्ड रागाने फाडलं होतं...

आज तीच जागा मागते आहे.

माझं मत बदललेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. भूत नसतं. हे सगळं लिहून झाल्यावरही मी हेच म्हणणार आहे. फक्त पूर्वी हे वाक्य मी एका दमात म्हणायचे. आता 'भूत' आणि 'नसतं' यांच्यामध्ये जरा थांबायला होतं.

आमचं घर पालघरला, कोळगावच्या रस्त्याकडे. पुढच्या खोलीत बाबांचा पायाने चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी, पत्रकं मनासाठी. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, पाड्यांवरच्या वेठबिगारीविरुद्ध. मी बाराखडी छपाईच्या खिळ्यांवरून शिकले, म्हणजे उलटी. शाळेत 'क' उलटा काढला म्हणून मार खाल्ला तेव्हा बाबांना केवढा अभिमान वाटला होता! पुढे पत्रकं मीच लिहायला लागले. पत्रकाचा नियम बाबांनी घालून दिलेला होता — वाक्य असं पाहिजे की वाचणाऱ्याला बाजारात उभ्या उभ्या कळलं पाहिजे. अवघड असेल तर सोपं कर. आणखी सोपं कर. हा नियम लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी बोईसरला नोकरीला लागले. औद्योगिक वसाहतीत, बेटेगावच्या बाजूला, एका शेडमध्ये नेने सरांची छोटी प्रयोगशाळा होती. सर, मी आणि भट्टी सांभाळणारा रामअवध, एवढीच माणसं. आमचं काम — उन्हापासून वीज करणारी स्वस्त काच बनवणं. तेव्हा बाहेरून मिळायचे ते सेल जाड, सिलिकॉनच्या चकत्यांचे, आणि सोन्याच्या भावाचे. सरांचं म्हणणं होतं की, एवढी जाडी लागतेच कशाला? ऊन पकडायला केसाहून पातळ थर पुरतो. तारापूरच्या विजेच्या तारा डोक्यावरून जातात आणि तारांखालच्या वाड्यांत रॉकेलची चिमणी, हे बघत मी मोठी झालेली. गावाने आपल्या छपरावर आपली वीज करायची, यापेक्षा मोठी क्रांती कुठली? मी दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाले.

तापलेल्या काचेवर कॅडमियमच्या द्रावणाचा फवारा मारायचा. तव्यावर घावन धरतं तसा पिवळाधमक थर धरायचा, हळदीच्या रंगाचा. मग ती काच तांब्याच्या क्षाराच्या गरम पाण्यात क्षणभर बुडवायची की पाठ काळ्या चहासारखी तपकिरी व्हायची. पाठीवर धातूचा लेप आणि तारा. तो थर पट्ट्यापट्ट्यांचा असायचा, सगळ्या पट्ट्या एकीला एक जोडलेल्या. मोर्चातली साखळीच म्हणा. एकीवर जरी सावली पडली तरी सगळ्या पट्ट्यांचा करंट खाली यायचा.

काच छान चालायची — बोईसरच्या शेडमध्ये. प्रश्न होता दमट हवेचा. ओल शिरली की थर काळवंडायचा. "ये काँच बड़ी नखरेवाली है, मैडम," रामअवध म्हणायचा, "दुल्हन जैसी ढँककर रखो." सरांनी ठरवलं, नखरेच बघायचे तर थेट समुद्रावर नेऊन बघू. जागा अशी हवी होती, जिथे दिवसभर ऊन, खारं वारं, आणि झाडाची सावली नाही.

अशी जागा कोणती? बोंबील वाळतात ती.

एडवणला किनाऱ्याच्या वाटेवर जी शेवटची वस्ती होती, तिथे तेव्हा विजेचे खांब पोचले नव्हते. तिथे जमनावैनीचं घर. घरापुढे बोंबील वाळत घालायच्या वलांड्या — बांबू रोवून दोरांच्या रांगा केलेल्या, त्यावर बोंबलांची जबड्यात जबडा अडकवलेली तोरणं. नवरा दामू वेरावळकडच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि ती बोट परत आली नव्हती. कुणी म्हणे वादळात गेली. कुणी म्हणे समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी धरून नेली. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. वैनी एकटीने मासळी वाळवायची आणि विकायची, हातात हिरव्या बांगड्या तशाच भरलेल्या.

मी जागा मागितली तेव्हा तिने एकच विचारलं, "दिवा पेटंल का घरात?" दिवसा बॅटरी भरेल, रात्री एक छोटा बल्ब पेटेल म्हटलं. "मग ठेवा," म्हणाली.

वलांडीच्या टोकाच्या बांबूजवळ आम्ही काच बसवली, दक्षिणेकडे तोंड करून, गुडघ्याएवढ्या स्टँडवर. तिच्या शेजारी तुलनेसाठी बाहेरून आणलेला तो महागडा जाड सेल. दोघांना एकेक सुईचा मीटर. मीटर पडवीत, म्हणजे वैनीच्या डोळ्यांसमोर.

येणारे-जाणारे काचेपुढे उभे राहू नयेत म्हणून मी तिला समजावून सांगितलं. आणि इथे माझ्यातली पत्रकवाली बोलली. मी म्हटलं, "वैनी, काचेवर माणसाची सावली पडली की सुई खाली बसते. सुई बसली की समजायचं, समोर कोणीतरी उभं आहे."

ही दोन वाक्यं एकच नाहीत. पहिलं खरं आहे. दुसरं खरं असेलच असं नाही — ढगानेही सुई बसते, सैल तारेनेही. पण किती सोपं वाक्य! बाबांनी पाठ थोपटली असती.

मी आठवड्यातून एकदा जायचे. बोईसरहून शटलने सफाळे, तिथून एस.टी. दिवाळी होऊन गेली होती, आकाश रोज धुतल्यासारखं स्वच्छ. अशाच एका फेरीत वैनी बोंबील उलटे करता करता म्हणाली, "बाय, तुमची बारीक काच दुपारची बसते. रोज." होडी वाळूत बसते तसं ती 'बसते' म्हणायची.

मी म्हटलं, ढग येत असेल.

"ढग कुठं हाय? कोनतरी हुबं रातं काचेफुडं. मंग जातं."

मी बांधून नेलेला डबा खात पडवीत थांबले. दुपार कलायला लागली. दोन्ही सुया आपापल्या जागी स्थिर होत्या. आणि मग... आमच्या काचेची सुई हलकेच खाली आली. जाड सेलची जागची हलली नाही. मी उठून अंगणात पाहिलं. काचेवर लख्ख ऊन होतं. समोर कोणी नव्हतं. वाराही पडलेला. सुई खालीच.

मी तारा दाबून पाहिल्या, जोड तपासले. तोवर सुई आपोआप वर गेली, जणू उभं असलेलं कुणीतरी निघून गेलं.

आता जे सांगते त्याने मी सगळ्यात जास्त चक्रावले. तार सैल असेल तर सुई उडते, झटके देते. ही सुई तशी नव्हती. बसल्यावर ती अगदी थोडी डावी-उजवीकडे डुलत होती... आणि त्या डुलण्याची चाल मला ओळखीची वाटत होती. एस.टी. स्टँडवर ताटकळलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो ना, तशी. मी स्वतः काचेपुढे जाऊन उभी राहिले आणि वैनीला सुई बघायला सांगितली. "हां," ती म्हणाली, "अशीच. पन तो तुमच्यापेक्षा जाडा हाय. जास्त बसते."

'तो'? मी विचारलं, तो कोण?

तिने बोंबलावरचा हात थांबवला नाही. ती सांगायला लागली — दामू घरी असला की जेवायच्या आधी त्या टोकाच्या बांबूशी जाऊन उभा राहायचा. एक बोंबील काढायचा, कानाशी नेऊन मोडायचा. कडक वाजला तर माल वाळला. रोजची सवय. बोंबील वाजला तरी खुशाल उभा, आणि इकडे भात निवतोय...

मी तिला त्या दिवशी चांगलंच सुनावलं. हा तुमच्या मनाचा खेळ आहे, ही मशीन आहे, मशीनला दामू माहीत नाही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला बी तेच वाटतंय. मशीनला कुठं माहीत हाय, कोन दामू. म्हनून तर ती खोटं बोलनार नाय."

सरांना सांगितलं तर ते खूश झाले. अडचण आली की त्यांना भूक लागायची. पातळ थरात तांबं सरकतं, उष्णतेने असं काही होत असणार, म्हणाले. आम्ही काच उतरवून बोईसरला आणली. शेडच्या गच्चीवर तशाच उन्हात ठेवली. सुई मुळीच बसली नाही. दुसरी नवी काच एडवणला लावली — बसली. मीटरांची अदलाबदल केली, तारा बदलल्या. तरी बसली. जाड सेल आपला निर्विकार. शेवटी सर स्वतः आले, पडवीत बसून त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परतीच्या एस.टी.तून सफाळ्याला उतरताना म्हणाले, "कारण सापडेपर्यंत 'कारण माहीत नाही' असं लिही. दुसरं काही लिहू नकोस. भूतही नको आणि तांबंही नको."

होळीच्या आधी वैनीच्या धाकट्या दिराने, लक्ष्मणने, भावकी जमवली. माणूस तसा वाईट नव्हता. वैनीच्या घरात मीठ-मिरची संपली तर तोच आणून द्यायचा. पण त्याचं म्हणणं पडलं, की भावाला गती मिळाली पाहिजे. शरीर सापडलं नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, आणि वैनीने बांगड्या उतरवायच्या. तो अजून तळमळत असेल तर पाप कुणाच्या माथी?

हे कळल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांच्या छापखान्यात बसून मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. बाईचा हात तिचा, बांगड्या तिच्या, भरायच्या की उतरवायच्या ते तिने ठरवायचं, असा त्याचा मथितार्थ. गठ्ठा घेऊन मी एडवणला पोचले. वैनीच्या अंगणात पंधरावीस माणसं बसलेली. लक्ष्मणने पत्रक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "कागद चांगला हाय. सुकट बांधायला होईल. बसा, पत्रकवाली बाय, चा घ्या."

मी भाषण केलं. चांगलं केलं असं अजून वाटतं. लोक आदराने ऐकत होते, म्हणजे कुणीच ऐकत नव्हतं. मग मला जाणवलं की वैनी मधून मधून उन्हाकडे बघते आहे. दुपार कलायची ती वाट बघत होती.

सुई बसली तशी ती उठली. तिने मीटरकडे बोट केलं, मग काचेकडे. सगळ्यांना काच आणि ऊन दिसत होतं. समोर कोणी नव्हतं. तिने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं — सुई बसली की समजायचं, समोर कोनतरी हुबं हाय. या बायनं सांगितलंय, शिकल्याली हाय. मग तिने वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं.

"काका, भुताला सावली असते?"

म्हातारा काचेकडे वळला. "नाय," म्हणाला. "भुताला सावली नसते. लहान पोराला बी ठाव हाय."

"मंग ही सावली हाय. म्हंजे ज्याची हाय तो जिता हाय." तिने हात पदराखाली घेतले. "जित्या मानसाचा पुतळा मी जाळू देनार नाय."

लक्ष्मणने काचेपुढे हात हलवून पाहिला, सुई आणखी बसली, आणि तो झटकन मागे सरला. भावकी उठली. बांगड्या राहिल्या.

मी पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तशीच बसून होते. मला हवं होतं तेच झालं होतं. पण माझ्या एकाही मुद्द्याने झालं नव्हतं! एका बाईचा हक्क वाचला, तो भुताच्या शास्त्रावर आणि माझ्या चुकीच्या वाक्यावर. आता उठून म्हणू का, की थांबा, हे तर्कशास्त्र बरोबर नाही, सुई बसण्याची कारणं अनेक असतात? आणि मग पुतळा जाळू देऊ? मी गप्प बसले. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, जिंकलीस ना? मी म्हटलं, मला माहीत नाही.

पावसाळ्यात आम्ही काच काढून आणली. थर पार काळा पडला होता. सरांनी कडांना नवा लेप शोधला, नव्या काचा आधीपेक्षा बऱ्याच सरस झाल्या, आणि पुढच्या दिवाळीनंतर त्यांतली एक पुन्हा त्याच बांबूजवळ उभी राहिली. काच नवी, थर नवा, मीटर नवे. दुपार कलली की सुई बसायचीच. मी एव्हाना नोंद करायला शिकले होते — कारण माहीत नाही.

आणि संक्रांतीनंतर दामू आला.

त्या बोटीची माणसं पलीकडे तुरुंगात होती. त्यांच्यातली काही सोडली, त्यांत हा. मला सफाळ्याच्या एस.टी.तच कळलं, कंडक्टरने सांगितलं. मी वाटेभर खिडकीला नाक लावून बसले होते. किती आनंद झाला होता मला, काय सांगू. माणूस जिवंत होता! म्हणजे वैनीचं बरोबर निघालं... म्हणजे माझं चूक... म्हणजे काय, ते ठरवायला वेळ मिळायच्या आत मी अंगणात पोचले होते.

अंगण माणसांनी भरलेलं. दामू पडवीत बसलेला, दाढी वाढलेली, खांदे उतरलेले, डोळे मात्र हसरे. मला पाहून म्हणाला, "तुमीच का ती? माजी सावली राखून ठेवनारी?" सगळे हसले. वैनी आत चुलीपाशी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

दुपार कलत होती. लक्ष्मण रंगात आला होता. "दादा, हुबा रा की तुज्या जाग्यावर," तो म्हणाला. "बगू दे सगळ्यांना यंत्र कसं बसतंय." दामू लाजत उठला. सवयीने त्याने दोरावरचा एक बोंबील काढला, कानाशी मोडला. कडक वाजला. लोकांनी हो हो केलं. तो टोकाच्या बांबूला टेकून उभा राहिला.

मी मीटरांपाशीच होते. त्याची सावली काचेवर पडलेली मला दिसत होती, तपकिरी काचेवर काळी, खांद्यांची, डोक्याची. आणि शेजारच्या जाड सेलवरही.

जाड सेलची सुई खाली गेली. आमच्या काचेची सुई हलली नाही.

मला वाटलं, सुई अडकली. मीटरला टिचकी मारली. नाही. मी वाकून तारा पाहिल्या, मग काहीतरी नीट करते आहे असं दाखवत काचेपाशी गेले आणि तिच्यावर माझा हात धरला. मागे वळून पाहिलं — सुई खाली. हात काढला — वर. दामू तिथेच उभा होता, त्याची सावली काचेवर तशीच आणि सुई वर. ताठ. वर्षभर कोणी नसताना ती बसत होती, जाड सेल शांत असायचा. आज माणूस होता, जाड सेलला तो दिसत होता, आणि आमच्या काचेला...

मान वर केली तर वैनी दारात उभी. हातात भाताचं ताट. ती मीटरकडे बघत होती. तिला मीटर वाचता येत होता, मीच शिकवला होता.

"काय म्हनते सुई?" लक्ष्मणने मागून विचारलं. दोनचार माणसं पडवीकडे सरकली. त्यांच्यात तो म्हातारा काकाही होता.

आकडा लपवायचा नाही, हे मी बाबांकडून शिकले, सरांकडून शिकले. पण अंगणातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं — भुताला सावली नसते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देवाशपथ... शपथ कशाची घेऊ, मी देव मानत नाही. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

वैनीने ताट खाली ठेवलं. मासळीचा बर्फ झाकायचं कोपऱ्यातलं ओलं गोणपाट उचललं आणि चालत जाऊन ते आमच्या काचेवर टाकलं. सुई धाडकन खाली बसली.

"बसली," ती म्हणाली.

लोक हसायला लागले. लक्ष्मण म्हणाला, वैनी, ही कसली रीत, यंत्र बघू तरी दे. ती त्याच्याकडे वळली.

"काय बगायचं त्यात? खाली जमिनीवर बग. हाय का नाय सावली?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. वाळूवर दामूची सावली होती, जशी सगळ्यांची होती. त्याने स्वतःही खाली पाहिलं, पाय जरा हलवून पाहिला, आणि तो एकदम गंभीर झाला.

"हाय," लक्ष्मण म्हणाला.

"मंग झालं. मानूस उपाशी हाय." तिने दामूच्या दंडाला धरून त्याला पडवीत आणलं, ताटापुढे बसवलं. तो जेवला. मी मुद्दाम बघितलं. भात, बोंबलाचं कालवण, पुन्हा भात. बोटं चाटून जेवला.

गर्दी पांगल्यावर वैनी माझ्यापाशी आली. खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, ही बारीक काच घेऊन जा. आज."

मी म्हटलं, नेते. पण मग दिवा बंद पडेल.

"ती जाड ठेवा की." तिने त्या महागड्या सेलवरची खारट धूळ पदराने पुसली. "तिला आमचा मानूस दिसतो."

सेल द्यायला मला परवानगी नव्हती. मी ठेवून आले. सरांना सगळं सांगितलं. दोन्ही सुयांचं, गोणपाटाचं, सगळं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, सेल तिथेच राहू दे.

ती काच अजून बोईसरच्या गच्चीवर आहे. तिचा थर टिकला आहे, सर आता तसलाच लेप सगळ्या काचांना लावतात. कुणीही समोर गेलं तरी तिची सुई बसते — सर, रामअवध, मी, कठड्यावरचा कावळासुद्धा. एकदा दामू सुकट घेऊन शेडवर आला होता. गच्ची बघायची म्हणाला. मी त्याला जिना दाखवला आणि स्वतः खालीच थांबले. मीटर वरच, काचेशेजारी होता. रामअवध बरोबर गेला. दोघं बराच वेळ वर होते, हसण्याचे आवाज येत होते. उतरल्यावर रामअवध माझ्याकडे बघून काहीतरी सांगणार होता, असं मला वाटलं. मग तो भट्टीकडे गेला. मी विचारलं नाही.

दामू पुन्हा बोटीवर जातो, पण आता एडवणच्याच. वैनीशी भांडतो, माझ्या पत्रकांत सुकट बांधून देतो. जिवंत माणूस आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. वर्षभर त्या बांबूपाशी कोण उभं राहत होतं, तो घरी आल्यावर ते कुठे गेलं आणि त्या दुपारी आमच्या काचेने काय पाहिलं नाही, हे मात्र मला सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणी पातळ थरांवर काम करत असेल तर कळवावं. भगतांनी कृपया कळवू नये.

सरांनी सांगितलं होतं तेवढंच लिहिते. कारण माहीत नाही.